मंगरूचा डोंगा

तिरोडा, रविवार, ११ नोव्हेंबर १९३४

धरणाखालच्या या नदीवर आज पहिल्यांदाच गळ टाकला. इथे ट्राउट मासा मिळत नाही हे ठाऊक होतं, तरी काश्मीरच्या नोकरीत जमवलेल्या, गळाला लावायच्या पिसांच्या नकली माश्या घेऊन गेलो. मंगरू ढिवराने मला त्याच्या डोंग्यातून मधल्या खडकावर सोडलं.

दुपारी तो काठावरून ओरडला, “साहेब, धरणाचं दार उघडलं! पाणी येऊन रायलं, चला!”

“एकदाच टाकतो,” मी म्हणालो. एकदाच कसलं? पाच-सहा वेळा तरी टाकला. काश्मीरच्या नद्या पाहिलेला मी, मला हा काय शिकवणार!

पाणी मांड्यांपर्यंत चढलं तेव्हा मंगरूच डोंगा घेऊन आला. काठाशी त्याने मला आधी उतरवलं. मग तो उतरला, तेवढ्यात धारेने डोंगा ओढून नेला आणि खालच्या खडकांवर फोडला. त्याच्या बापाने मोहाच्या खोडातून कोरलेला डोंगा.

“काऊन थांबले जी?” एवढंच त्याने विचारलं.

“मोठा मासा लागला होता,” मी म्हणालो. का म्हणालो? दिवसभरात गळाला काही शिवलंसुद्धा नव्हतं.

डोंगा गेलेला तो माणूस कळवळून म्हणाला, “अरेरे! सुटला का जी?”