अक्का श्वास घेते ती जागा

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय. माझं शुद्धलेखन तुला ठाऊक आहे, हसू नकोस. तुझी वहिनी जेवून पडलीय आणि माझे गुडघे स्टुडिओच्या जिन्याला शिव्या घालताहेत. आपल्या वयाच्या बँडसाठी तळमजल्यावर स्टुडिओ का नसतात, देव जाणे.

दमलोय रे. बेस गिटार गळ्यात अडकवली की अर्ध्या तासात खांदा भरून येतो. कीबोर्डवाला दोन गाण्यांच्या मधे खुर्चीतच घोरतो. रेकॉर्ड कंपनीचे लोक म्हणत होते, जुनीच गाणी पुन्हा वाजवा, लोकांना तेवढंच हवंय. तेव्हा तूच ताडकन उठून म्हणालास, अल्बम नव्या गाण्यांचा असेल तरच मी येतो. तुझ्या हट्टापायी आम्ही म्हातारे पुन्हा बोहल्यावर चढलो, आणि तूच मांडवातून उठून गेलास.

राग नाही माझा. रेकॉर्डिस्ट पोरगा मनाने चांगला आहे, त्याला वाटलं आपण मदतच करतोय. ड्रम्सच्या ठेक्यात तू जरा मागे रेंगाळतोस, ते त्याने कॉम्प्युटरवर ओढूनताणून सरळ केलं. तू ऐकलंस, स्टिक्स पिशवीत घातल्यास, "आता माझं काय काम?" एवढंच बोललास. मी गळ्यातली गिटार काढेपर्यंत तू रस्त्याला लागला होतास.

पुढचं तुला कोणी सांगितलं नसेल. दुसऱ्या दिवशी अक्का त्या सरळ केलेल्या ठेक्यावर गायला उभी राहिली. दुसऱ्या कडव्यात दम तुटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच. शेवटी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, माझं गाणं संपलं, मला घरी सोडा. आयुष्यभर आपल्याला धाकात ठेवणारी आपली गायिका, आणि आवाज असा पडलेला. कीबोर्डवाला उगाच चष्मा पुसत बसला.

माझी बोटं मात्र सवयीने तारांवर चालली होती, आणि ओळ संपली की तुझ्यासाठी थांबत होती. तिथे तू किंचित उशिराच येतोस. हात थकल्यामुळे नव्हे, ऐन तारुण्यातही तसाच यायचास. आता जरा जास्त, एवढंच. तेवढ्या फटीत अक्का श्वास घेते. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं, आणि पोराने ती फटच बुजवून टाकली होती. मी त्याला तुझं मूळ वाजवणं परत लावायला सांगितलं. अक्का कुरकुरत उठली आणि अख्खं गाणं गाऊन मोकळी झाली. पोरगा तेव्हापासून, काका कधी येणार, म्हणून माझं डोकं खातोय. त्याला तुझी माफी मागायचीय.

आता शेवटचं गाणं राहिलंय, तुझ्याविना. मशीनचा ठेका लावू या का, असं कीबोर्डवाल्याने दबकत विचारलं. अक्काने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला लिही. तो नसेल तर मी श्वास कुठे घेऊ?" तुझ्या तोंडावर ती हे जन्मात बोलणार नाही, म्हणून हा कागद. तुझं स्टूल कोणी वर-खाली केलेलं नाही. गुरुवारी सकाळी बसतोय आम्ही. ये. जिना सावकाश चढ, उशीर झाला तरी चालेल.

तुझाच,
थोरला