काही ठेवायचंय का?

४ नोव्हेंबर, दावणगेरे

आले एकदाची! हरपनहळ्ळीहून येताना शेजारच्या बाईने आपली कोंबडी अर्धा रस्ता माझ्या मांडीवर ठेवली. आम्ही लिंगायत, पण कोंबडीला ते कोण सांगणार? तिला माझी मांडी आवडली असावी, मंडीपेटचा थांबा येईपर्यंत हलली नाही.

दुकानाचं नाव शिवगंगा कॉम्प्युटर्स. मालक लिंगण्णा साठीचे, मवाळ. त्यांची बायको गिरिजम्मा हिने मी पायातली चप्पल काढायच्या आतच मिरची-मंडक्कीची, म्हणजे भजी-चुरमुऱ्यांची, ताटली पुढे केली, आणि एवढी वाळकी पोर मशीन कशी उचलणार म्हणून चिंताही केली. दोघं दुकानाच्या मागे राहतात. मला वरची खोली दिलीय. खोलीत पलंग आहे, टेबल आहे आणि खिडकीशी पेरूची फांदी आहे. याहून जास्त काय हवं माणसाला!

लिंगण्णांच्या गळ्यात शिवदाराच्या दोऱ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, करडिगे, आहे. ती आमच्या घरीही सगळ्यांच्या गळ्यात असते. पण यांच्या दोऱ्यात करडिगेशेजारी एक लाल पेनड्राइव्ह अडकवलेला आहे. मला हसू फुटणार तेवढ्यात इम्तियाझभाई मोठ्याने खाकरले, म्हणून तोंड मिटलं. इम्तियाझभाई म्हणजे इथले जुने कारागीर. डोळ्यावर भिंग लावून बसतात आणि दिवसभर सगळ्या जगाला नावं ठेवतात.

७ नोव्हेंबर

काम अंगवळणी पडतंय. भिंतीवर खिळ्यांची फळी आहे, तिच्यावर पेनड्राइव्ह रंगीत दोऱ्यांनी टांगलेत. हिरव्या दोऱ्यात साचा. एक मशीन विंडोज, कन्नड टायपिंग, प्रिंटर अशा सगळ्यानिशी तयार करून त्याची जशीच्या तशी प्रत पेनड्राइव्हवर ठेवली आहे. तीच प्रत्येक मशीनवर ओतायची, म्हणजे पुन्हा पुन्हा तीच मेहनत नको. जुनी विंडोज जानेवारीत बंद होणार म्हणून दुकानात नुसती झुंबड आहे. निळ्या दोऱ्यातला वेगळा. त्याने मशीन जागं होतं, पण आतलं काही हलत नाही. आजारी मशीनमधलं सामान त्याच्या मदतीने सुखरूप बाहेर काढता येतं.

इम्तियाझभाईंनी एक गोष्ट तीनतीनदा बजावली. हिरवा लावला आणि मशीन सुरू केलं की तो स्वतःहून ओतायला लागतो, मध्ये काही विचारत नाही. आतलं होतं नव्हतं ते गेलं. तो विचारत नाही, म्हणून आपण विचारायचं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, काही ठेवायचंय का? हा नियम दाक्षायणीचा, असं म्हणून त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. साचाही तिनेच तयार केलेला.

दाक्षायणी ही लिंगण्णांची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. मी झोपते तो पलंग तिचाच. मूळ साचा त्या लाल पेनड्राइव्हमध्ये आहे, आणि तिच्यानंतर कुणी नवा साचा करू धजलेलं नाही. ओतलेल्या प्रत्येक मशीनच्या पडद्यावर तिने काढलेला कुंदवाड तळ्याचा फोटो येतो. अख्ख्या गावाच्या कॉम्प्युटरांवर एकच तळं आहे म्हणायचं.

१० नोव्हेंबर

आज इम्तियाझभाईंना मल्लीचा लॅपटॉप दाखवला. खरं तर त्याच्यासाठीच मी ही नोकरी धरली.

मल्लिनाथ माझा धाकटा भाऊ. एप्रिलमध्ये हरिहरच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत होता. वरून चरासुद्धा नाही, पण सुरू केला की काळ्या पडद्यावर एवढंच येतं की यात सिस्टिम सापडत नाही. पेटीवर म्हटलेली त्याची सगळी गाणी आत आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. गावातल्या दुकानदाराने चहा पीत पीत सांगितलं, फॉरमॅट मारून टाकू की! मला त्याच्या कपातला चहा त्याच्याच डोक्यावर ओतावासा वाटला.

इम्तियाझभाईंनी डिस्क कानाशी धरून ऐकली. म्हणाले की दुखावलीय, एकदाच जागी होईल असं समज. आधी भंगारातल्या मशीनवर हात बसव, नवी डिस्क मागव, मग निळ्या दोऱ्याने एका बैठकीत सगळं काढून घे. घाई केलीस तर मल्लीही रागावेल आणि मीही.

आईला फोन केला. संक्रांतीपर्यंत मल्लीचा आवाज ऐकवते असं वचन दिलं. तिकडून भाकरी थापल्याचा आवाज आला. तो गेल्यापासून ती फक्त माझ्याशी फोनवर असतानाच स्वयंपाकाला हात लावते.

१६ नोव्हेंबर

नागरत्नम्मा नावाच्या निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. जुना कॉम्प्युटर, नवी विंडोज. मी विचारलं, काही ठेवायचंय का? त्या आधी नाही म्हणाल्या, मग कपाळावर हात मारला. दिवंगत यजमानांचे सगळे फोटो त्यातच! मी ते काढून त्यांच्या लॅपटॉपमध्ये घालून दिले. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि तुझ्या त्या एका प्रश्नाने मला दुसऱ्यांदा विधवा होण्यापासून वाचवलं म्हणाल्या. मला रडू आलं.

१८ नोव्हेंबर

नागरत्नम्मांचा फोन. घरी कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा आपोआप एक पांढरं पान उघडलं आणि त्यावर एकच ओळ होती: अप्पा, जेवलात का? पान मिटलं ते पुन्हा काही आलं नाही. पोरी, म्हातारीची थट्टा करतेस होय, असं त्या हसत हसत म्हणाल्या.

इम्तियाझभाईंच्या मते साच्यात काहीतरी जुनं राहिलं असणार. मी हिरवा पेनड्राइव्ह उलटासुलटा तपासला. तसलं पान कुठेच नाही.

लिंगण्णांना सांगितलं तर ते स्टुलावर बसले. ते रोज उशिरा जेवतात आणि दाक्षी रोज त्यावरून त्यांना टोकायची, हे मला गिरिजम्मांनी नंतर सांगितलं.

२६ नोव्हेंबर

आणखी दोन गिऱ्हाइकं आली, दर मशीनवर एकच ओळ. पंपवाल्याच्या मशीनवर: अप्पा, गुडघ्याला तेल लावा. शिंप्याच्या मशीनवर: वरच्या खोलीत कोण आलंय? चांगली आहे का?

वरच्या खोलीत मी आहे.

इम्तियाझभाईंनी काम थांबवून नवा साचा करू म्हटलं. लिंगण्णांनी गळ्यातला लाल पेनड्राइव्ह मुठीत आवळून धरला. ते इतकंच म्हणाले की दोन वर्षांत माझ्या लेकीने पहिल्यांदा तोंड उघडलंय आणि तू तिला गप्प बसवणार?

मल्लीने मला जेवलीस का विचारलं असतं तर मी काय केलं असतं?

५ डिसेंबर

आता पहिल्यांदा मशीन सुरू करायला लिंगण्णा स्वतः बसतात. आज एक जण फक्त कीबोर्ड बदलायला आला होता. लिंगण्णांनी त्याला डिस्क खराब झालीय म्हणून सांगितलं आणि हिरवा लावला. विचारलं नाही. त्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. माणूस दारात उभा राहून रडला.

पान उघडलं. ओळ होती: अप्पा, इथं कुणाचंतरी लग्न आहे. नवरी मला ओळखत नाही.

लिंगण्णा हसले. मी ती ओळ पुन्हा वाचली, तेव्हा कळलं. जे आपण पुसतो ते तिच्याकडे जातं. ती जिथे कुठे बसलीय तिथे. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. माझ्या डोळ्यांपुढून ती बसलेली पोर आणि तिच्याभोवती परक्यांचं लग्न हलत नाही.

११ डिसेंबर

इम्तियाझभाई काम सोडून गेले. जाताना मला म्हणाले की नवी डिस्क आलीय, आजच मल्लीचं काम उरक आणि घरी जा बेटी. गिरिजम्मा त्यांच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि त्यांच्यासाठी भरलेला डबा हातात तसाच घेऊन परत आल्या.

उद्या सकाळी करेन. हात बसलाय. भंगारातली कितीतरी मशीनं निळ्या दोऱ्याने जागी केलीत.

१२ डिसेंबर

लिहवत नाही.

फळीवरून निळ्या दोऱ्याचा घेतला. लावला. नेहमी पडद्यावर येते ती निवडीची यादी आली नाही. वाटलं, डिस्क दुखावलीय, म्हणून उशीर लागतोय. वाट बघत बसले. मीच. हातावर हात ठेवून.

तळं आलं.

कुंदवाडचं तळं.

लिंगण्णांनी फळीवरचे सगळे पेनड्राइव्ह पुसून सगळ्यांत तिलाच ओतलं होतं. दोरे मात्र तसेच ठेवले. ते माझ्या पायाशी बसून म्हणाले की तुझं काय त्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं ग मगळे, लेकी, मला फक्त सगळीकडे तीच हवी होती. मी त्यांना मारलं. म्हाताऱ्या माणसाला. गिरिजम्मांनी मला धरलं आणि आम्ही तिघंही तशीच रडत बसलो.

पान उघडलं होतं. ते मी नंतर पाहिलं.

अप्पा, इथं कुणीतरी छान गातंय.

१५ डिसेंबर

इम्तियाझभाई बोलावल्यावर आले. पुसलेलं परत खेचायची सगळी अवजारं चालवली. हाती लागला तो पेटीचा एक तुकडा, श्वास घेतल्याचा आवाज, आणि पुढे खरखर. त्यांनी भिंग काढून डोळे पुसले. चल, मी तुला बसमध्ये बसवतो म्हणाले.

मी गेले नाही. आईला काय सांगू?

२० डिसेंबर

कॉलेजच्या मुलीच्या मशीनवर लिंगण्णांनी ओतलं. ओळ दाक्षीची नव्हती.

अक्का, पेटीची ती काळी पट्टी अजून अडकते. आईने हळद लावली होती ना, म्हणून.

हे कुणालाच माहीत नाही. आई, तो आणि मी.

मी पडद्याला गाल लावून बसले. मल्ली. माझा मल्ली.

२८ डिसेंबर

आज दोन मशीनं. पहिल्यावर दाक्षी — अप्पा, आता पुरे करा. इथं फार माणसं झाली. बसायला जागा नाही.

लिंगण्णांनी तळहाताने पडदा पुसला, धूळ पुसावी तसा. ओळ गेली नाही. मी काही वाचलंच नाही, असं म्हणाले.

दुसऱ्यावर मल्ली —

अक्का, आईला सांग

एवढंच. पुढे काही नाही. काय सांगू? काय सांगू रे?

४ जानेवारी

दाक्षी पुन्हा बोलली नाही. लिंगण्णा दुकानात येत नाहीत. लाल पेनड्राइव्ह गळ्यातून काढून देवघरात ठेवलाय. गिरिजम्मा म्हणतात की जेवत नाहीत, आणि जेवलात का विचारलं की भिंतीकडे तोंड करतात.

दुकान मी उघडते.

आलेल्यांना मी डिस्क खराब आहे म्हणते. सरावाने जमतं.

९ जानेवारी

परक्यांच्याच ओळी येतात. कुणाची आजी. कुणाचं तान्हं, नुसती रडण्याची अक्षरं. सगळी आत अडकलीत, सगळ्यांना बोलायचंय, आणि ओळ एकच —

मल्लीची पाळी केव्हा येणार?

आईचा फोन. संक्रांत आली ग, म्हणाली. तगादा नाही, नुसतं म्हणाली.

१५ जानेवारी

नागरत्नम्मा आल्या. तीळगूळ माझ्या तळहातावर ठेवला. लॅपटॉपमधून आवाज येत नाही, बाकी सगळं छान आहे म्हणाल्या. तू त्या दिवशी विचारलंस म्हणून यांचे फोटो वाचले, रोज सकाळी बघते, आता दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा धीर होत नाही, म्हणून तुझ्याकडेच आले.

आवाज नुसता बंद केलेला होता. उघडताच दिसलं. एक कळ दाबायची, बस.

मी फळीवरून हिरवा काढला.

त्या स्टुलावर बसल्यात. माझ्या तोंडाकडे बघतायत, प्रसन्न. मी विचारीन म्हणून थांबल्यात.

मी विचारलं नाही.

ओततंय. अर्धं झालं. सगळं ठीक ना ग, म्हणाल्या. हो अम्मा म्हटलं. तीळगूळ अजून तोंडातच आहे —

आईला फोन लावलाय. ती ऐकतेय. भाकरीचा आवाज थांबलाय.

तळं आलं. पान उघडतंय — आई, ऐक, तो म्हणतोय —