पाण्याची घंटा

सोमवार, २ फेब्रुवारी
चौथीचा आरोग्य आणि जीवनकौशल्यांचा तास आजपासून माझ्याकडे. मुख्याध्यापक गुरुसिद्धप्पा सर म्हणाले, राजशेखर सर, शुक्रवारी तपासणी पथक येतंय, तास तुमचाच दाखवू. योग्य निवड.
मुलींचं नवं स्वच्छतागृह तयार झालं. पांढऱ्या फरशा. पथकाने पाहीपर्यंत एक डाग पडता कामा नये. कुलूप लावलं. जुनं पाडून टाकलंय. पण प्रश्न पाचच दिवसांचा.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
पाण्याची घंटा सुरू केली. दिवसातून तीनदा वाजते, सगळ्यांनी पाणी प्यायचं. मुलगे पितात. मुली बाटली तोंडाला लावतात, पाणी तेवढंच राहतं. शिस्त वाढवणे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
पथक आलं नाही. आता बुधवारी.
पोषण आहार शिजवणारी सिद्धम्मा दारात येऊन म्हणाली, सर, जवळच्या पोरी सुट्टीत घरी पळत्यात, ती कुंभारीची काव्या कुटं जाईल? काव्या कुंभारी गावाहून सकाळी रिक्षाने येते, पाचला जाते. मी शांतपणे सांगितलं की संयम हेही जीवनकौशल्य आहे. ती म्हणाली, मग तुमी धरा की पाचपर्यंत. उलट बोललो नाही. रागावर माझा ताबा चांगला आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी
आजचा विषय : नाही म्हणायला शिका. काव्याला पुढे बोलावलं. घे, पाणी पी, म्हटलं. ती नाही म्हणाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग धडा संपला, आता खरंच पी, म्हटलं. ती पुन्हा नाही म्हणाली. ही दुसरी नाही धड्यात नव्हती. तिला तास संपेपर्यंत उभं केलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी
पथक नाही. सोमवारी नक्की.
गुरुसिद्धप्पा सर म्हणाले, कुलूप काढायचं का हो? मी म्हटलं, नऊ दिवस राखलं, आता कशाला घालवायचं? ते म्हणाले, बघा बुवा, जबाबदारी तुमची. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे.
'आज मला कसं वाटतं' या तक्त्यावर काव्याने रडका चेहरा लावला. पथकासमोर बरं दिसणार नाही. बदलून घेतला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. दुपारी २.४०
काव्याला थंडी वाजून ताप. पोट धरून बाकावर आडवी. एकीला गेल्यावर जळतं, असं तिने चार दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. सिद्धम्माला. मला नाही. मुलांनी योग्य व्यक्तीला सांगावं, हे पुन्हा शिकवणे.
सिद्धम्माने किल्ली मागितली. किल्ली घरी, दुसऱ्या पँटच्या खिशात. पोरीला कडेवर घेऊन स्वतःच्या घरी गेली. नऊ वर्षांची मुलगी कडेवर.
४.१०. तिची आई चन्नम्मा येऊन घेऊन गेली. हवा बदलतेय. सगळीकडे ताप आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी
पथक अडीचला आलं. फरशा पाहून खूश. तासही उत्तम झाला. शेवटी पथकातल्या मॅडमनी विचारलं, मुलांनो, काही अडचण? सगळे एका सुरात नाही म्हणाले. काव्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून मागच्या बाकावरच्या दानेश्वरीला तिथे बसवलं होतं.
पथक ३.१० ला गेलं. ३.१५ ला कुलूप काढलं. मुलींना म्हटलं, जा. त्या चपला काढून दारात उभ्या राहिल्या. आत कुणी गेलं नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी
काव्या दवाखान्यात. सलाईन चालू. फोनवर चन्नम्माला म्हटलं, भरपूर पाणी पाजा. ती म्हणाली, डॉक्टर बी तेच म्हणाले. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं म्हणे.
रविवारी भेटायला जाणे. फळं नेणे.

शनिवार, २८ फेब्रुवारी
रविवारी जमलं नाही.
आज चन्नम्मा शाळेत आली. काव्या बरी आहे. पण पुढचं शिक्षण अक्कलकोटला, मामाकडे राहून. दाखला द्या, म्हणाली. म्हटलं, बसा. ती बसली नाही.
दाखले मीच लिहितो. नाव, जन्मतारीख, इयत्ता. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. सही करून दिला. तिला वाचता येत असेल असं वाटलं नव्हतं. ओळीवरून बोट फिरवत तिने वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. हे न्हाई सर, म्हणाली.
खाडाखोड चालत नाही. दुसरा फॉर्म काढला. पुन्हा नाव, जन्मतारीख, इयत्ता. कारण : स्वच्छतागृहाला कुलूप होते.
तिने तेही वाचलं. मग म्हणाली, कुणी लावलं ते लिवा.