सैतानाच्या हाती दिलेलं पाकीट

ती. आईला धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळ जेवते. काल आमच्या कॉलेजचं नाटक झालं. ज्ञानापायी सैतानाला आत्मा विकणारी पंडिता मी होते. सर म्हणाले, "पोरी, आज जीव ओतलास!"

तुझं पत्र प्रयोगाआधी हातात पडलं. नंतर निवांत वाचू म्हणून न फोडताच झग्याच्या खिशात ठेवलं. नाटकातल्या कराराचं पाकीटही त्याच खिशात होतं. शेवटच्या प्रवेशात मी करार सैतानाला देते आणि तो मेणबत्तीवर धरतो. काल कोपरा पेटला, तेव्हा मला तुझं अक्षर दिसलं.

हिसकावून घेता आलं असतं गं. पण समोर सगळे श्वास रोखून बसले होते. मी जळू दिलं.

एरवी तुझं पाकीट फुगलेलं असतं. हे एकाच पानाचं लागलं हाताला. बाबांची धाप कमी आहे ना? दादा घरीच आहे का?

त्या पानात काय होतं, ते पुन्हा लिही. लिहवत नसेल, तर नुसतं 'ये' म्हण.

तुझीच,
धाकटी