कात्रपच्या वळणावर काहीतरी घासलं

१५ जानेवारी, बुधवार
आज कात्रपच्या वळणावर बाईक घासली. डावीकडे. खर्रर्र असा स्वच्छ आवाज. मागे नेत्रा साडीत, एका बाजूला बसलेली, मांडीवर घरोघरी द्यायच्या वाणाची पिशवी. कालच्या संक्रांतीपासून हळदीकुंकवाचा सीझन सुरू झालाय. रथसप्तमीपर्यंत बायकोला रोज कुणाकडे तरी सोडायचं, खाली ताटकळायचं, परत आणायचं. दरवर्षी हे करता करता मी बाईक इतकी झुकवायला लागलो, हे माझ्याच लक्षात आलं नव्हतं. वय एक्केचाळीस. लोक यासाठी रेसिंग ट्रॅकवर जाऊन क्लास लावतात.
नेत्रा म्हणाली, लेडीज फूटरेस्टचा बोल्ट ढिला झालाय, ते लोंबतंय आणि तेच घासतं. मी वाद घातला नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
एमआयडीसीत जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ पाहिले. निदान झालं: कॉर्नरिंग क्लिअरन्स कमी. म्हणजे वळताना गाडी आणि रस्ता यांच्यात जागा उरत नाही. उपाय: सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणे. सहकारी म्हणाले, बदलापुरात खड्डे आणि स्पीडब्रेकर सोडून वळण आहे कुठे. क्वालिटी कंट्रोलमध्ये अशी माणसं घेतात, मग माल परत येतो.
अभिजीतला फोन केला. नेत्राचा भाऊ. सहा फूट, मोठी बाईक, दर रविवारी बारवी धरणाच्या रस्त्याला ग्रुप राइड. त्याने विचारलं, दाजी, स्पीड किती होता? (वीस.) म्हटलं, प्रश्न स्पीडचा नाही, टेक्निकचा आहे.
संकल्प: २ फेब्रुवारीला बारवी राइड. ४ तारखेला, रथसप्तमीला, नेत्राला अंबरनाथला राजसीताईकडे नेणे. राजसीताई तिची थोरली बहीण. लग्नानंतरच्या पहिल्या रथसप्तमीला याच बाईकवरून गेलो होतो, तेव्हापासून एकदाही खंड नाही. यंदा तर अपग्रेडेड गाडीवरून नेईन असा शब्द दिला. ती म्हणाली, नेलंत म्हणजे झालं.

१८ जानेवारी, शनिवार
उल्हासनगर, कॅम्प तीन. मेकॅनिक लालचंद साईं. मागे लांब शॉकअप, पुढच्या फोर्कमध्ये स्पेसर. त्यांनी माझी उंची विचारली. पाच चार सांगितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईककडे, मग "आपकी मर्जी, साईं" म्हणाले. सेटिंगसाठी डेटा घेत असावेत.
लेडीज फूटरेस्टचा बोल्ट टाइट करू का, असंही विचारलं. नको म्हटलं. आधी मुख्य प्रॉब्लेम.

१९ जानेवारी, रविवार
काय गाडी दिसते! बसल्यावर पायांचे फक्त अंगठे जमिनीला टेकतात, तेही एका वेळी एकाच बाजूचे. रेसर लोकांचंही असंच असतं.
एक किरकोळ बाब. गाडी उंच झाली आणि साइड स्टँड तेवढंच राहिलं. त्यामुळे उभी केली की आडवी व्हायला बघते. सोसायटीने आवारात बसवायला आणलेल्या ढिगातला एक पेव्हर ब्लॉक आणून स्टँडखाली सरकवला. आता तो कायम पिशवीत ठेवणार.
घासणं पूर्ण बंद. (नेत्रा मागे नव्हती.)

२१ जानेवारी, मंगळवार
नेत्राला चढता येईना. पैठणी, त्यात मागची सीट तिच्या कमरेपर्यंत. खालच्या भागीरथीकाकूंनी स्टूल आणून दिलं. चढली. म्हणाली, इथून लोकांच्या पहिल्या मजल्यावरचा टीव्ही दिसतो. मी ते कौतुक समजलो.
पोचल्यावर तिथे स्टूल नव्हतं. तिने उडी मारली. निऱ्या सुटल्या. कुणाच्या तरी दारात उभं राहून नेसत होती. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. परत शेजारच्या तेजलच्या स्कूटरवरून आली.

२४ जानेवारी, शुक्रवार
गैरसमज. गयाबाई मावशींकडे नेत्रा आधीच तेजलसोबत गेली होती. वाणाची पिशवी घरी विसरली, म्हणून मी ती घेऊन गेलो. अंधारात पिशव्यांची अदलाबदल झाली. मावशींनी नेत्राला रीतसर हळदीकुंकू लावून वाण स्वीकारलं. पिशवीत पेव्हर ब्लॉक निघाला. दरम्यान वाणाचे प्लास्टिकचे डबे माझ्या स्टँडखाली. पाच-सहा सेकंद टिकले.
ब्लॉक परत मागितला. मावशी म्हणाल्या, राहू दे, दाराला लावायला बरा आहे. ढिगातून दुसरा आणला.

२७ जानेवारी, सोमवार
नेत्रा रोज तेजलबरोबर जाते. आता तर तेजल तिला सकाळी मैदानात स्कूटर शिकवते. कंटाळेल दोन दिवसांत.
बाईक एकट्याने चालवताना जास्त स्टेबल वाटते. मात्र माझ्या डाव्या खांद्यावर इतकी वर्षं तिचा हात असायचा. तो नसला की रस्ता लांब वाटतो. करमत नाही, हे खरं आहे. टायर प्रेशर चेक करणे.

२ फेब्रुवारी, रविवार
बारवी राइड. ग्रुपच्या सुरक्षेसाठी सर्वांत मागे राहिलो. एकाही वळणावर घासली नाही. प्रयोग यशस्वी.
नंतर चहाच्या टपरीपाशी थांबलो. डावा पाय खाली टाकला. रस्ता तिथे नव्हता, थोडा आणखी खाली होता. पडलो. वेग: शून्य. दोष रस्त्याच्या उताराचा.
अभिजीतने आधी बाईक उचलली, मग मला. लेडीज फूटरेस्ट तुटून त्याच्या हातात आलं. त्याची खालची कड घासून घासून चकचकीत झालेली. त्याने ती माझ्यासमोर धरली.
"दाजी, घासत होतं ते हे."
म्हटलं, एका पुराव्यावरून निष्कर्ष काढू नये. तो फूटरेस्ट माझ्या सॅकमध्ये टाकून चहा सांगायला गेला. डावा घोटा मुरगळला. क्रेप बँडेज.

३ फेब्रुवारी, सोमवार
रजा. पलंगावर पडून विचार केला. बँडेज बांधूनही उद्या बाईक चालवता येईल. उजव्या पायाने टेकवेन. नेत्रासाठी स्टूल दोरीने मागे बांधेन. प्लॅन फुलप्रूफ आहे. तिला सांगितला. तिने दिव्याची वात नीट केली आणि आत गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी
खाली उतरलो तर बाईक आडवी. सोसायटीवाले आवारात फरशी बसवत होते. स्टँडखालचा ब्लॉकही घेऊन गेले. तो त्यांचाच होता, त्यामुळे भांडता येईना.
स्टूल आणि दोरी हातात घेऊन उभा राहिलो. फोन लावून म्हटलं, सॉरी नेत्रा, यंदा खंड पडला. दोरी गुंडाळून खिशात टाकली.
नेत्रा तेजलची स्कूटर घेऊन आली. तीच पैठणी, वर हेल्मेट.
"शब्द न्यायचा होता. बाईकचा नव्हता. बसा मागे."
सुजलेल्या पायावर भार देऊन दुसरा पलीकडे टाकता येईना. मग एका बाजूलाच बसलो. वाणाची पिशवी मांडीवर घेतली. भागीरथीकाकूंनी गॅलरीतून सगळं पाहिलं. पकडायला काही नव्हतं म्हणून नेत्राच्या खांद्यावर हात ठेवला. तिने काढला नाही.
बरी चालवते. स्पीडब्रेकर आधी ओळखते. कात्रपचं वळण आलं, ती न डगमगता डावीकडे झुकली, आणि खर्रर्र झालं.
मी खाली पाहिलं. माझी चप्पल घासत होती.
"पाय वर घ्या हो," नेत्रा म्हणाली.
घेतला.