‘दिसण्यासाठी’ या चौकटीतली खूण

प्रिय चैताली, आणि तुझ्यासोबत त्या सगळ्याजणी, ज्यांच्या खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडल्या आहेत, ज्या बसमध्ये बॅग छातीशी धरून उभ्या राहतात आणि ज्यांच्या दुखण्याला आजवर कोणी दुखणं म्हटलेलं नाही,

हसू नकोस. चाळीस वर्षं व्यासपीठावर बोलत आले, म्हणून माझं पत्रसुद्धा सभेला उद्देशून सुरू होतं. तुझे बाबा मागे उभं राहून वाचत होते. म्हणाले, "अध्यक्षांची परवानगी घ्यायची राहिली." त्यांना चहा करायला पाठवलंय. आज मला कोणाची परवानगी घ्यायची नाही, कोणाचे आभारही मानायचे नाहीत. आज मला किळस आली आहे, आणि ती कोणाकोणाची आली आहे, ते तुला सांगायचं आहे.

लक्ष्मी रस्त्यावरचा तो दुकानदार आठवतो? तू अकरावीत होतीस. मी हळू आवाजात तुझ्या अंतर्वस्त्राचं माप सांगितलं आणि त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "एवढं इथे नाही मिळत, बाई. मांडववाल्याकडे चौकशी करा." दुकानातल्या चार बायका हसल्या. त्याच्यापेक्षा मला त्यांचीच शिसारी आली होती. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेची चौकशी करायला गेलो, तेव्हा रुग्णालयातल्या त्या गोड बोलणाऱ्या बाईने तुझं दुखणं विचारायच्या आधी विचारलं, "लग्न ठरलंय का? मुहूर्ताच्या तीन महिने आधी केलंत तर आपल्याकडे नववधूंसाठी सवलत आहे." मान आखडते, बोटांना मुंग्या येतात, उन्हाळाभर छातीखालची कातडी सोलवटते, म्हणून आलेल्या मुलीला ही बाई लग्नाच्या बस्त्यासारखे भाव सांगत होती. आणि आता ही विमा कंपनी. तुझ्या नोकरीतून मिळालेला विमा, दर महिन्याला पगारातून कापलेला हप्ता, आणि उत्तर काय, तर ‘चौकशीअंती वैद्यकीय गरज आढळून आली नाही, शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठी असल्याने खर्च देय नाही.’ केवळ दिसण्यासाठी! सत्तावीस वर्षांची मुलगी शरीराचा भार कमी व्हावा म्हणून चाकूखाली जायला तयार होते आणि यांना त्यात आरसा दिसतो.

तू मात्र कुठेही डगमगली नाहीस. शस्त्रक्रियेचं पॅकेज दोन लाख दहा हजारांचं, असं त्या बाईने सांगितल्यावर मी पर्स बंद करून उठणार होते. तू शांतपणे म्हणालीस, "मॅडम, यात काय काय धरलेलं नाही, ते लिहून द्या." तेव्हा कुठे खरी यादी बाहेर आली. भूलतज्ज्ञांची फी वेगळी, आधीच्या तपासण्या वेगळ्या, काढलेला भाग प्रयोगशाळेत पाठवायचा त्याचे वेगळे, नंतर सहा आठवडे घालायच्या घट्ट बंड्यांचे वेगळे. त्यात तू तीन आठवड्यांची बिनपगारी रजा धरलीस, नोकरीसाठी राहतेस त्या खराडीच्या खोलीचं भाडं धरलंस आणि दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर रेघ मारलीस. मी तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं. मला रजा सुचली नव्हती. पुढे बाळाला दूध पाजता येईलच याची खात्री नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "ते मला कळलंय. पुढचं सांगा." दोन वर्षं दरमहा सहा हजार बाजूला टाकून अर्धी रक्कम तू उभी केलीस. उरलेली अर्धी विम्याची. ती अर्धीच या लोकांनी एका ओळीत पुसून टाकली. म्हणून रविवारी तू फोनवर म्हणालीस, "जाऊ दे आई, हॉस्पिटलच्याच टेबलावर कर्ज मिळतंय. शुक्रवारी कागद करते." त्या कर्जाचं व्याज मी पाहिलं. गळ्यातली दोरी काढून पायात बांधायची, असा तो व्यवहार आहे.

किळस दुसऱ्यांची मोजताना सोपी जाते. आता जरा घरी येते. नववीत तू रिलेच्या संघात होतीस. शेवटचा टप्पा तुझा असायचा. एक दिवस तू पळणं सोडलंस आणि मी कारण विचारलं नाही, कारण मला कारण माहीत होतं. मैदानाच्या भिंतीवर बसणारी पोरं काय ओरडायची, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांच्या मुख्याध्यापकांकडे जायला हवं होतं. मी काय केलं, तर मांजरपाटाची एक घट्ट बंडी शिवली आणि तुला म्हटलं, "ओढणी दोन्ही बाजूंनी पिन कर आणि जरा वाकून चाल." मी, ललिता रतन कांबळे, जी दर जयंतीला माइकवरून सांगते की मुलींनो, ताठ चाला. तू आज्ञाधारक होतीस. तू वाकलीस. आज हाडांचे डॉक्टर तुझ्या मणक्याचा फोटो दिव्यासमोर धरून जो बाक दाखवतात, त्यात काही अंश माझ्या शिलाईचा आहे.

परवा बाबांनी माझ्या भाषणांचे जुने फोटो काढले. सासवड, दापोडी, येरवडा. कुठली कुठली व्यासपीठं. त्यांनी एकेक फोटो पलंगावर मांडला आणि म्हणाले, "एक बघितलंस का? फाइल." चैताली, प्रत्येक फोटोत माझ्या छातीशी एक फाइल आहे. मी भाषण कधीच वाचून करत नाही. फाइल बऱ्याचदा रिकामी असायची. खांद्याच्या खाचा मलाही आहेत. मी त्यांना वय म्हणत आले.

आता ही चौकशी. ‘चौकशीअंती’ म्हणजे काय, असं तू रविवारी विचारलंस. मी अकरा मिनिटं बोलले. कंपन्या, नफा, पुरुषांनी लिहिलेले नियम, बाईच्या वेदनेचा इतिहास. माझ्या उत्तम भाषणांपैकी एक असेल. शेवटी तू म्हणालीस, "तू बोललीस ना आई, की एकदम बरं वाटतं." फोन ठेवल्यावर मला भडभडून आलं.

चौकशी बिबवेवाडीला, आपल्या घरी झाली होती. विम्याच्या कागदावर तुझा कायमचा पत्ता इथलाच. गेल्या महिन्यात दुपारी कंपनीचा एक तरुण आला, हेल्मेट सोफ्यावर ठेवून फॉर्म भरू लागला. समोर महिला मेळाव्याचं निमंत्रण घेऊन विहार समितीचे दोघे बसले होते. त्याने विचारलं, "मॅडम, मुलीला काही त्रास आहे, की दिसण्यासाठी करतेय?" समितीच्या दोघांनी एकाच वेळी पंख्याकडे पाहिलं. आणि मी, चैताली, हसले. "छे हो, त्रास कसला! हल्लीच्या मुली. कपडे नीट बसावेत म्हणून." त्याने ‘दिसण्यासाठी’ या चौकटीत खूण केली, फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि मी चष्मा न लावता सही केली. त्याला चहा दिला. नंतर समितीच्या लोकांशी मेळाव्याच्या विषयावर बोलले. तो दुकानदार, ती सवलतवाली बाई, ती कंपनी, सगळ्यांनी मिळून तुझं जितकं नुकसान केलं नसेल, तितकं मी दहा शब्दांत केलं. आज सगळ्यांत जास्त किळस मला त्या हसण्याची आहे.

फोनवर मी पुन्हा भाषणच केलं असतं, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. काल मी आणि बाबा विमा कंपनीच्या शनिवार पेठेतल्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या गृहस्थाने माझा जबाब काढून दाखवला आणि म्हणाला, "सही आपलीच ना? मग भांडण कोणाशी?" मी म्हटलं, "स्वतःशी. नवीन जबाब लिहून घ्या." त्याने विचारलं, "तक्रार कशाबद्दल, थोडक्यात." मी म्हटलं, "स्तन. लिहा. स्तनांच्या भारामुळे मान, पाठ आणि कातडीचा आजार." त्याचं पेन थांबलं, मागच्या रांगेतल्या माना वर झाल्या. मी शब्द पुन्हा सांगितला, शुद्धलेखनासकट. परतताना स्कूटरवर बाबा म्हणाले, "आज माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं."

गुरुवारी संध्याकाळी बाबा खराडीला लिफाफा घेऊन येतील. त्यात फेरविचाराचा अर्ज आहे, हाडांच्या डॉक्टरांचं पत्र आहे, सदाशिव पेठेतल्या फिजिओथेरपीच्या दीड वर्षाच्या पावत्या आहेत, त्वचेच्या डॉक्टरांच्या चार उन्हाळ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या आहेत, आणि दुसऱ्या पानावर माझा नवा जबाब आहे; पहिला खोटा होता आणि का खोटा होता, हे त्यात मी लिहिलं आहे. अर्ज द्यायचा सोमवार शेवटचा दिवस. अर्ज फेटाळला गेलाच, तर तुझ्या लग्नाच्या नावाने ठेवलेली ठेव मोडायची, हे बाबांनी आणि मी ठरवलं आहे. ती तुझ्या पाठीपेक्षा पवित्र नाही. मला माफ करायचं की नाही, ते तू सावकाश ठरव, त्याला मुदत नाही. शुक्रवारी मात्र त्या कर्जाच्या टेबलापाशी जाऊ नकोस. तिसऱ्या पानावर तुझ्या नावासमोर जागा सोडली आहे. चष्मा लाव, माझा जबाब पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाच, आणि तिथे सही कर.

जय भीम.

तुझीच, या वेळी फाइल खाली ठेवून लिहिणारी,
आई