घर शिंपिणीला, शिट्टी संचालकांना

मी, वय सेहेचाळीस, व्यवसायाने समुपदेशक, अविवाहित, पुढच्या आठवड्यात पोटाच्या शस्त्रक्रियेला जाणार आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिले आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली करत नाही. रागाच्या भरात करते आहे का, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले. राग नाही. तुच्छता आहे, आणि ती पूर्ण विचारांती आहे.

१. घर. वरच्या खोल्या, खालचा शिवणवर्ग आणि अंगण, सर्व माझ्या कमाईचे. लढाईतून सुटलेली मुले इथे राहतात, शिवण शिकतात आणि हळूहळू झोपायलाही शिकतात. हे सारे मी शिंपिणीला देते. ती लहानपणी बंदूक खाली ठेवून इथे आली आणि कित्येक महिने शिवणयंत्राखाली झोपली. आज वर्ग तीच चालवते. विचारले तेव्हा म्हणाली, "नको ताई. घर आलं की कुलूप आलं. बाहेरून कुलूप लावायला मला जमत नाही."

"म्हणूनच तुला. दादाला जमतं."

२. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. वडिलांच्या घरातला माझा वाटा त्याने गिळला आणि ढेकरही दिला नाही. या घरावर त्याचा हक्क नाही. पहिली मुले आली त्या दिवशी तो म्हणाला होता, "माणसं मारलेले हात आहेत हे. चमचे मोजून ठेव." चमचे जागच्या जागी आहेत. ते सर्व दादाला. वहिनी मोजून घेईल.

३. मुलांना इथे पाठवणाऱ्या संस्थेचे संचालक. त्यांना या घरावर आपली पाटी हवी आहे. देणगीदारांसमोर ते मुलांना आपली कहाणी सांगायला लावतात. मूल रडले तर त्यालाच पुन्हा बोलावतात, न रडले तर दुसरे आणतात. एकदा फोटोसाठी रांग लावायला गळ्यात शिट्टी अडकवून आले. शिट्टी वाजताच अंगणातली सगळी मुले जमिनीवर पालथी पडली. शिंपीण सर्वांत धाकट्यावर आडवी झाली. संचालक पाहुण्यांना म्हणाले, "पाहिलंत, किती मोकळेपणानं खेळतात."

पालथ्या पडलेल्या मुलांचा तो फोटो आजही त्यांच्या खुर्चीमागे टांगलेला आहे. मी त्यांना अडाणी म्हणणार होते. पण अडाणी माणूस निदान विचारतो. शिट्टी मी त्याच क्षणी त्यांच्या गळ्यातून काढून घेतली. ती त्यांना परत देते. मुलांनी आत मेण भरले आहे. संस्थेला याखेरीज काही नाही, पाटीपुरती भिंतसुद्धा नाही.

४. बँकेतली शिल्लक शिवणवर्गाला. माझ्या रोजनिशा न वाचता जाळाव्यात. त्यांत मुलांनी सांगितलेले आहे. जे माझे नाही ते मी कोणाला देणार?

५. घराची रीत मोडू नये. झोपलेल्याला हात लावून उठवायचे नाही. दारात उभे राहून नावाने हाक मारायची आणि त्याने डोळे उघडेपर्यंत थांबायचे. मी गेल्यावर शोकसभा नको. संचालक भाषण करतील. मला घरी आणल्यावर मुलांनी मलाही दारातूनच हाक मारावी. मी उत्तर देणार नाही हे सर्वांत धाकट्याला पटेपर्यंत थांबावे. मग आत यावे. दार उघडेच ठेवावे.

अंमलबजावणी डॉक्टरीणबाईंनी करावी.

साक्षीदार:
डॉक्टरीणबाई (सही)
शेजारचे बेकरीवाले (सही). वाचून म्हणाले, "बाई, चमच्यांचं तेवढं काढा." काढलेले नाही.

स्थळ: याच घराचे स्वयंपाकघर
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा सोमवार
लिहून देणार: (सही)